पोलीस खात्यातली जुनी गाडी विकायची आहे? आधी फाईल उघडा, मग बॉनेट

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. आर्णीकडून एक गिऱ्हाईक सकाळीच येणार होतं, म्हणून मी आदल्या दिवशी बोलेरो धुऊन-पुसून अंगणात उभी केली होती. सातच्या सुमारास माणूस आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटसमोर थबकला. "भाऊ, हे तं पोलिसायची गाडी हाय ना?" मी जवळ जाऊन पाहिलं. रात्रीचं दव बॉनेटवर बसलं होतं. स्टिकर काढून तीन वर्षं झाली होती, तरी त्या जागेवर दवानं वेगळाच थर धरला होता आणि 'पोलीस' ही अक्षरं बोटानं गिरवावीत इतकी साफ उमटली होती. फोनवर मी ही गोष्ट बोललो नव्हतो. लपवायचा विचार नव्हता, विषय निघाला नाही म्हणून राहून गेलं, इतकंच. त्यानं चहा घेतला, "घरी इचारून सांगतो" म्हणाला आणि गेला. पुन्हा फोन नाही.

हीच गाडी पुढं जानेवारीत सुटली. तेव्हा फोनवरचं माझं पहिलं वाक्यच ठरलेलं असायचं: "गाडी पोलीस खात्याची होती, लिलावातली आहे, सगळे कागद माझ्याजवळ आहेत, पाहायला या." सांगायची किंमत मी एक रुपयानंही उतरवली नव्हती. मधल्या दोन महिन्यांत काय काय करावं लागलं ते इथं क्रमानं लिहितो. माझी गाडी यवतमाळची, म्हणजे एमएच-२९. पण बुलढाण्याच्या एमएच-२८ पासून गडचिरोलीच्या एमएच-३३ पर्यंत कागदांचं गणित एकच आहे.

लिलाव नेमका कशाचा होता?

गावात 'पोलीस लिलावातली गाडी' म्हणतात तेव्हा दोन अगदी वेगळ्या गाड्या त्यात मोडतात. एक म्हणजे खात्याच्या मालकीची, ठाण्याला किंवा मुख्यालयाला दिलेली, आणि वापरून जुनी झाल्यावर निर्लेखित करून, म्हणजे खात्याच्या दप्तरातून कमी करून, विकलेली गाडी. तिच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मालक म्हणून एखाद्या माणसाचं नाव नसतं, बहुधा 'पोलीस अधीक्षक' असं पदनाम असतं. दुसरी म्हणजे ठाण्याच्या आवारात बाभळीखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेली, जप्तीतली किंवा बेवारस सापडलेली गाडी. ती पोलिसांची कधीच नव्हती, पोलिसांनी फक्त विकली.

दुसऱ्या प्रकारची गाडी असेल तर न्यायालयाचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा विक्रीचा आदेश हा तुमचा मुख्य कागद. मूळ मालक कोणीतरी खासगी असतो, त्याच्यावर फायनान्सचा बोजा असू शकतो, नंबरप्लेटही खोटी निघू शकते. लिलावातल्या गाडीला नंबरच नसेल किंवा तो खोटा असेल, तर परिवहन कार्यालय तिला नवा नंबर देतं, तशी तरतूद नियमातच आहे. पण तो नवा नंबर मिळेपर्यंत विक्रीचा विषयही काढू नका. पुढचं सगळं मी पहिल्या प्रकारच्या, म्हणजे खात्याच्या गाडीबद्दल लिहितो आहे.

तिच्यातही एक फाटा आहे. विक्री आदेशात गाडी 'वाहन' म्हणून विकली आहे की 'भंगार' म्हणून, हे डोळ्यांत तेल घालून वाचा. भंगार म्हणून गेलेल्या गाडीची नोंदणी रद्द झालेली असते. अशी गाडी एखाद्या हुशार मिस्त्रीनं उभी केली, ती शेतात पळतेही आहे, तरी ती रस्त्याची गाडी नाही. ती सुट्या भागांच्या भावानं जाईल, आरसीच्या भावानं नाही.

आरसीवर आज कोणाचं नाव आहे?

सगळ्यात जास्त घोळ इथं आहे, म्हणून इथं जरा थांबू.

सरकारी लिलावात बोली लावणारे बरेचदा व्यापारी असतात. एकाच वेळी चार-पाच गाड्यांचा लॉट उचलतात, आणि स्वतःच्या नावावर न करताच खेड्यापाड्यांत एकेक करून विकून टाकतात. आपल्याकडं त्याला 'खुल्या सहीवर गाडी घेणं' म्हणतात. घेणाऱ्याला वाटतं, फॉर्मवर सही आहे, पुढं कधीतरी नावावर करू. मीही असाच घेतला होता व्यवहार. २०१२ ची नोंदणी, २०२२ साली लिलाव, त्याच वर्षी मी घेतली. तीन वर्षं संत्र्याच्या बागेत आणि बाजारात वापरली, आणि विकायला काढली तेव्हा लक्षात आलं की सरकारच्या दप्तरी माझा आणि त्या गाडीचा काही संबंधच नाही. तिथं अजून 'पोलीस अधीक्षक'च मालक होते.

आता कायदा काय म्हणतो? नेहमीच्या खरेदी-विक्रीत विकणारा फॉर्म २९ भरतो, घेणारा फॉर्म ३०. सरकारी लिलावात मात्र हे दोन्ही चालत नाहीत. तिथं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५७ लागू होतो आणि फॉर्म ३२ भरावा लागतो. तो भरायचा अधिकार ज्यानं लिलावात गाडी घेतली त्याचाच, आणि मुदत गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवस. सोबत आरसी, विमा, लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम केल्याचं प्रमाणपत्र, आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या शासन आदेशाची प्रमाणित प्रत.

म्हणजे पोलीस अधीक्षकांच्या नावावरून गाडी थेट तुमच्या गिऱ्हाईकाच्या नावावर उडी मारू शकत नाही. आधी लिलावातला खरेदीदार, मग तुम्ही, मग गिऱ्हाईक. पायरी गाळायची नाही. एखादा एजंट "साहेब, मी करून देतो डायरेक्ट" म्हणाला तर त्याला कागद कोणता लावणार ते विचारा. उत्तर देताना तो तुमच्याकडं पाहतो की तुमच्या खिशाकडं, त्यावरून समजून जा.

माझ्या बाबतीत तो व्यापारी नागपूरला राहायला गेलेला. फोन उचलायचा, "येतो ना बाप्पा, येतो" म्हणायचा, आणि यायचा नाही. त्याच्याकडचे लिलावाचे कागद पावसात भिजले, असंही सांगून झालं. शेवटी मी दोन वाटांनी गेलो. एक, पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, लिलावाची तारीख लिहून विक्री आदेशाची आणि निर्लेखन मंजुरीची प्रमाणित प्रत मागितली. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. मला प्रती मिळाल्या. दोन, त्या व्यापाऱ्याला सांगितलं की नागपूरला मीच येतो, सही तिथं घेतो, उशिराची जी फी बसेल ती मी भरतो. पैसे पूर्ण आधीच देऊन बसलो होतो, त्यामुळं माझ्या हातात दुसरं काही उरलंही नव्हतं. तुम्ही अजून घेण्याच्या टप्प्यावर असाल तर निदान एक मोठा हप्ता नाव चढेपर्यंत अडवून ठेवा.

विम्याचंही एक वेगळेपण आहे. सरकारी कामासाठी वापरलेल्या सरकारी गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विम्यातून सूट असते. त्यामुळं लिलावातली गाडी बाहेर येते तेव्हा तिच्यासोबत कंपनीची पॉलिसी बरेचदा नसतेच. गाडी तुमची झाल्या क्षणी ती सूट संपली. पॉलिसी नवी काढावी लागते आणि फॉर्म ३२ लाही ती जोडावी लागते. रस्ता कराचंही तसंच बघा. शासकीय नावावर असताना कर माफ होता का, नंतर भरला गेला का, याची पावती फाईलमध्ये हवी. गिऱ्हाईक विचारो न विचारो, परिवहन कार्यालयातला कारकून विचारतोच.

पंधरा वर्षांची रेघ

१ एप्रिल २०२३ पासून नियम बदलला आहे. सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी १५ वर्षं झाली की आपोआप संपते, नूतनीकरण होत नाही, आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढावी लागते. कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती आणि खास बनावटीच्या गाड्यांना यातून सूट आहे. ठाण्याच्या साध्या बोलेरोला किंवा सुमोला नाही. म्हणून तुमची गाडी १५ वर्षांच्या आत लिलावात गेली आणि खासगी नावावर चढली, की अजून कागदावर सरकारीच आहे, यावर सगळं अवलंबून आहे. सरकारी नावावरच पंधरा वर्षं उलटली तर ती विकण्याच्या खटपटीत पैसा घालू नका.

खासगी नावावर चढलेल्या गाडीचं मात्र नेहमीच्या खासगी गाडीसारखं: १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून, पर्यावरण कर भरून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न हाच असतो, "पासिंग कवापर्यंत हाय?" माझ्या गाडीचं पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, २०२७ पर्यंत होती. पासिंगला वर्षभरच उरलं असेल तर भाव पडतो, आणि तो पडायलाच हवा, कारण पुढचा खर्च त्याच्या माथी आहे.

आणखी एक. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवावी लागते. ती नसेल तर नाव बदलण्यासारखी कामं परिवहन कार्यालयात अडतात. गिऱ्हाईक येण्याआधीच ती बसवून घ्या.

खुणा उतरवणं

दिवा, सायरन, वायरलेस खात्यानं लिलावाआधी काढून घेतलेलं असतं. पण पट्टे, 'पोलीस' अक्षरं, मागच्या काचेवरचा ठाण्याचा क्रमांक, कधी भोंग्याचं स्टँड, यातलं काहीतरी राहतंच. लाल दिव्याची संस्कृती १ मे २०१७ पासून मोडीत निघाली, आणि लाल-निळा-पांढरा झगमगता दिवा आणीबाणीच्या सेवेतल्या गाड्यांनाच आहे. वेगवेगळ्या सुरांचा भोंगाही खासगी गाडीला चालत नाही. एक गंमत सांगतो. मला दोन पोरं भेटली, त्यांना गाडी हवी होती ती याचसाठी, "अक्षरं तशीच ठेवा ना भाऊ, टोलवर बरं पडते." मी त्यांना सरळ नाही म्हटलं. फसवण्याच्या हेतूनं लोकसेवकाची खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे, आणि अशा पोरांनी नाक्यावर काही केलं तर पहिला फोन आरसीवरच्या माणसाला येतो.

स्टिकर काढायला आपल्याकडचा उन्हाळा हेच अवजार. मे महिन्यात दुपारी बारा ते दोन गाडी उघड्यावर ठेवा, पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, आणि स्टिकर कोपऱ्यातून धरून हळूच ओढलं की पापुद्र्यासारखं येतं. हिवाळ्यात हेच काम केस वाळवायच्या मशीननं करा. थंड स्टिकर ओरबाडलं तर रंग घेऊन निघतं. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि लगेच शॅम्पूच्या पाण्यानं धुवा.

पण दवात उमटणारी ती सावली गोंदाची नाही. स्टिकरखालच्या रंगाला ऊन लागलेलं नसतं, बाजूचा रंग उन्हानं पिकलेला असतो, म्हणून पृष्ठभाग दोन प्रकारचा राहतो. रबिंग पॉलिश मारून बघा. पुष्कळ फरक पडतो, माझ्या बॉनेटवर तरी पडला. पूर्ण रंग द्यायचा तर आरसीवर जो रंग लिहिला आहे तोच द्या. वेगळा रंग दिला तर परिवहन कार्यालयाकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पुढचा लोखंडी गार्डही काढून टाका. खासगी गाड्यांवरचे असले गार्ड बेकायदा असल्याचं केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलं आहे.

मिस्त्रीला आधी तुम्हीच दाखवा

गिऱ्हाईक मिस्त्री घेऊनच येतं. त्यानं दोष काढायच्या आधी तुम्हाला ते पाठ हवेत.

पोलीस गाडीची झीज वेगळी असते. मीटरवर आकडा कमी दिसतो, पण इंजिन त्याहून किती तरी जास्त चाललेलं असतं. नाकाबंदी, यवतमाळचा दुर्गोत्सव, निवडणुकीचा बंदोबस्त, कुठंतरी मोर्चा. गाडी उभी, इंजिन चालू, तासन् तास. हे तास किलोमीटरमध्ये मोजले जात नाहीत. डिझेल इंजिन रिकामं गुरगुरत ठेवलं की कार्बन धरतं, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गुळगुळीत होतं, इंजिन ऑइल खायला लागतं. शिवाय चालक रोज वेगळा. प्रत्येकाचा क्लचवरचा पाय वेगळा, त्यामुळं क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा त्रास हमखास. मागं माणसं खच्चून बसलेली, म्हणून पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसलेले. गाडी मागून पाहिली तर एका बाजूला कललेली दिसते का, बघा.

माझ्या गिऱ्हाईकाचा मिस्त्री दिग्रसचा, वयानं साठीचा असावा. आल्या आल्या म्हणाला, "चालू नका करू, थंडीच दाखवा." इंजिनवर तळहात ठेवून खात्री केली, मग स्टार्टर मारायला सांगितला. गाडी चालू होताच ऑइलचं झाकण उघडून उलटं करून तोंडावरच ठेवलं. झाकण थरथरलं, उडालं नाही. झाकण उडतं किंवा भकाभका वाफ येते तेव्हा रिंगा गेलेल्या असतात. नंतर सायलेन्सरमागं रुमाल धरला, काळ्या ठिपक्यांकडं पाहिलं आणि काहीच बोलला नाही. बोलला नाही हे बरं लक्षण असतं, हे मला नंतर कळलं.

मग तो आत बसला, दारं लावून घेतली आणि वर बघू लागला. मीही बघितलं. छताच्या कापडातून उजेडाचे तीन ठिपके दिसत होते, एका ओळीत. दिव्याच्या पट्टीचे स्क्रू जिथं होते तिथं कोणीतरी एम-सील थापलं होतं आणि ते उन्हानं तडकलं होतं. तीन पावसाळे त्यातून पाणी झिरपून चालकाच्या सीटखालचा पत्रा कुजत होता आणि मला पत्ताही नव्हता. हे काम आधी करून घ्या: छताचं कापड उतरवून, भोकांवर आतून पत्रा वेल्ड करून, वरून सीलर आणि रंग. वायरलेसच्या अँटेनाचं भोक बहुधा मागच्या बाजूला असतं, तेही शोधा.

वायरिंगकडं इलेक्ट्रिशियनला तासभर बसवा. सायरन, दिवा, वायरलेस काढताना वायरी कापून नुसत्या टेप गुंडाळून डॅशबोर्डखाली सोडलेल्या असतात. बॅटरी रात्रीत उतरण्याचं कारण निम्म्या वेळा तेच. बाकी ब्रेक, टायर, स्टेअरिंगची ढिलाई, हे कोणत्याही जुन्या गाडीसारखंच. मिस्त्री पाहून घेतो.

इंजिन उघडून बोअर करून विकावं का? माझं मत, नाही. तुम्ही केलेल्या कामावर गिऱ्हाईकाचा भरवसा नसतो, त्याच्या मिस्त्रीनं केलेल्यावर असतो. तेवढे पैसे भावातून कमी करा आणि कारण उघड सांगा. भोकं आणि वायरिंग मात्र करूनच द्या, कारण ते दोष नंतर निघाले की माणूस शिव्या देत परत येतो.

भाव आणि हंगाम

पोलीस गाडीला वेगळा बाजारभाव नाही. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या खासगी गाड्या आसपास काय भावानं जातात ते तीन-चार ठिकाणी विचारा, मग त्यातून झीज, उरलेलं पासिंग आणि छताचं-रंगाचं काम वजा करा. काही जण 'पोलीस गाडी म्हणजे सर्व्हिसिंग वेळेवर' असं सांगून भाव चढवतात. लॉगबुक किंवा दुरुस्तीच्या नोंदीची प्रत हातात असेल तर सांगा, नसेल तर तोंड बंद ठेवा. उलट बाजूनं गिऱ्हाईकही येतं. "यातून मयत नेले असन" असं म्हणून वीस हजार कमी करू पाहतं. नेलं असेलही. तेवढ्यासाठी वीस हजार सोडायचं कारण नाही. फार तर पूजेचा नारळ तुमच्याकडून द्या.

मी २ लाख १० हजार सांगितले, १ लाख ८२ हजारांत सौदा ठरला.

वेळ महत्त्वाची आहे, आणि ती आपल्याकडं शेतावर ठरते. मृगाच्या तोंडावर गाडी काढू नका. बी-बियाणं आणि खतात सगळ्यांचा पैसा अडकलेला असतो, गाडी पाहायला येणारा फक्त वेळ घालवायला येतो. पितृपक्षात कोणी हात लावत नाही. सोयाबीन निघून कापसाचे पैसे हातात यायला लागले की, म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीच्या पुढंपर्यंत, खरी वेळ. वरूड-मोर्शी-काटोलकडं आंबिया बहाराची संत्री गेली की तिकडचे बागायतदार मालवाहतुकीला दणकट गाडी शोधत असतात, त्यांना बोलेरो हवी असते. बोलेरोला तालुक्यातला कोणताही मिस्त्री हात लावतो, पार्ट कुठंही मिळतात. सुमो २०१९ ला बंद झाली, तिला गिऱ्हाईक कमी आणि भावही उतरता.

गिऱ्हाईक ओळखणं

गाडी कशासाठी हवी ते मोकळेपणानं विचारा. शेतीसाठी, घरच्यांसाठी हवी असेल तर उत्तम. 'वडाप'साठी, म्हणजे परवान्याशिवाय सवारी भरायला हवी असेल तर जपून. खासगी नोंदणीच्या गाडीत भाड्यानं माणसं वाहणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि तोवर नाव बदललेलं नसेल तर नोटीस तुमच्या दारी. शाळेच्या मुलांसाठी घेणाऱ्याचंही तेच.

पैनगंगेपलीकडचं, आदिलाबादकडचं गिऱ्हाईक पांढरकवड्याच्या बाजूला बरंच मिळतं. भाव बरा देतं. पण गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, लागते, आणि तिकडचा कर त्याला भरावा लागतो. "एनओसी नंतर पाठवा, गाडी आता न्या" असं करू नका. राज्यातल्याच दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत जाणार असेल तरी एनओसी लागते का ते आधी विचारून घ्या.

ऑनलाइन जाहिरात टाकली तर फोटोत नंबरप्लेट झाका. फौजी असल्याचं सांगून, गाडी न पाहता, पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवणारे फोन येतातच. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, द्यायला लागतो.

गाडी चालवून बघायला देताना लायसन्सचा फोटो घ्या आणि शेजारी स्वतः बसा. विमा चालू नसेल तर अंगणाबाहेर काढूच नका.

सौदा, पैसे, सह्या

इसार घेतला की चिठ्ठी करा: रक्कम, उरलेली रक्कम, मुदत, आणि मुदत चुकली तर इसाराचं काय. चारचौघांसमोर बोलणं झालं म्हणून चिठ्ठी टाळू नका. नंतर भांडणाच्या वेळी ते चारचौघे हमखास शेतात असतात.

आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत, तुकडे पाडूनही नाही. तशी वेळ आली नाही तरी मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. गिऱ्हाईकानं दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात जमा दिसले की मगच चावी. चेक असेल तर वटेपर्यंत थांबा.

सह्यांच्या दिवशी फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट तयार ठेवा. फॉर्म २९ ची तारीख कोरी सोडू नका. कोरी तारीख म्हणजे पुन्हा खुली सही, आणि आपण वर ज्या खड्ड्यातून निघालो त्यातच पुढच्याला ढकलणं. फॉर्म ३२ वरून तुमच्या नावापर्यंत गाडी कशी आली त्या सगळ्या कागदांचा एक झेरॉक्स संच त्याला द्या, मूळ लिलाव आदेशाची प्रमाणित प्रत मात्र तुमच्या फाईलला ठेवा.

सोबत ५०० रुपयांच्या मुद्रांकावर विक्री करारनामा. त्यात 'सदर वाहन पूर्वी पोलीस विभागाच्या मालकीचे होते व शासकीय लिलावात विकले गेले, याची खरेदीदारास पूर्ण कल्पना आहे' हे वाक्य घाला. ताबा दिल्याची तारीखच नाही, वेळही लिहा, आणि मीटरचा आकडा. "दि. अमुक, दुपारी ३ वाजता" असं. त्या संध्याकाळी साडेसहाला गाडीनं कोणाला उडवलं तर हे साडेतीन तास तुमच्या कामी येतील.

ई-चलान आधीच तपासा. खात्याच्या नावावर असतानाची, मधल्या व्यापाऱ्याची, तुमची, सगळी चलानं गाडीच्या नंबरलाच चिकटलेली असतात. फास्टॅग काढून बँकेला बंद करायला सांगा, काचेवरून फाडून टाकणं पुरेसं नाही.

गाडी गेल्यानंतर

राज्यातच विकली असेल तर गाडी दिल्यापासून १४ दिवसांच्या आत विकणाऱ्यानं परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. विमा त्याच्या नावावर करून घ्यायला १४ दिवस. बहुतेक विकणारे हे गिऱ्हाईकावर सोडून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे की दप्तरी ज्याचं नाव मालक म्हणून आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, गाडी हातोहात कितीही पुढं गेलेली असो. म्हणून मी गिऱ्हाईकासोबत स्वतः यवतमाळला गेलो, अर्ज जमा करून पावतीचा फोटो काढला, मगच माघारी फिरलो. जेवणही त्याच्याकडून घेतलं, ते वेगळं.

पंधरा-वीस दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि मालकाच्या नावाची अक्षरं बदलली का बघा. महिना झाला तरी तुमचंच नाव असेल तर गिऱ्हाईकाला फोन करा, आणि त्याच दिवशी फॉर्म २९ ची सही केलेली प्रत, करारनाम्याची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज परिवहन कार्यालयाला स्पीड पोस्टनं पाठवा. पोस्टाची पावती आणि पोचल्याची नोंद लिलावाच्या आदेशाशेजारी, त्याच फाईलला लावून ठेवा.